कूतहून परतलेले : पलटणीतल्या माणसाचा थकवा आणि त्याची नोंद

आमच्या मंडळाच्या बैठकीत मी एक छोटं टिपण वाचलं होतं. विषय होता, लढाईवरून जिवंत परतलेल्या शिपायांचं पुढे काय झालं. चर्चा रंगली आणि बऱ्याच जणांनी हे लिहून काढा म्हणून सांगितलं. तेच टिपण थोडं वाढवून इथे देतो आहे.

बेळगावात राहणाऱ्याला पलटण नवी नाही. १९२२ साली जुन्या मराठा पलटणींची पुनर्रचना होऊन पाचवी मराठा लाइट इन्फंट्री उभी राहिली. ११४ वी पलटण दहावी, म्हणजे प्रशिक्षणाची बटालियन झाली आणि बेळगाव हे रेजिमेंटचं घर ठरलं. तेव्हापासून खानापूर, चंदगड, गडहिंग्लजपासून थेट कोकणापर्यंतच्या गावांना कॅम्पातला बिगुल ओळखीचा आहे. घराघरांत पदकं आहेत, फ्रेम केलेले फोटो आहेत. नाईक यशवंत घाडगे आणि शिपाई नामदेव जाधव यांनी इटलीत मिळवलेले व्हिक्टोरिया क्रॉस शाळेतली पोरंसुद्धा सांगतात. पण पेन्शनीत आलेला एखादा म्हातारा वीस-वीस वर्षं सोप्यातल्या खांबाला टेकून का बसून राहायचा, कुळव हातात धरला की पाच फेऱ्यांत त्याला दम का लागायचा, हे कुणी लिहून ठेवत नाही. शौर्याला कागद मिळाला, थकव्याला मिळाला नाही.

दगडावरचे आकडे

पहिल्या महायुद्धानंतर सरकारनं गावोगावी संगमरवरी पाट्या बसवल्या. मजकूर जवळजवळ सगळीकडे सारखाच: या गावातून इतके लोक १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातले ४६ जण त्या युद्धात कामी आले, म्हणून ते आजही ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणून ओळखलं जातं.

अशा पाटीवर दोनच आकडे असतात. गेले किती आणि मेले किती. वजाबाकी केली की परतलेल्यांचा तिसरा आकडा निघतो; पण तो दगडावर कोरलेला नसतो, आणि त्या आकड्यातली माणसं कोणत्या अवस्थेत परतली हे तर कुठेच नसतं.

मेलेल्यांच्या बाबतीतही हिशोब सारखा नव्हता. बसऱ्याच्या युद्धस्मारकावर मेसोपोटेमियात पडलेल्या चाळीस हजारांहून अधिक सैनिकांची स्मृती आहे. तिथे गोऱ्या शिपायांची नावं कोरली गेली. हिंदी सैनिकांपैकी अंमलदारांची नावं आली आणि साध्या शिपायांचा त्या-त्या पलटणीखाली फक्त आकडा आला. मेलेल्या शिपायाला जिथे नाव मिळालं नाही, तिथे जगलेल्याच्या धडधडणाऱ्या छातीची नोंद कोण ठेवणार?

कूतचे १४७ दिवस

मराठा पलटणींच्या इतिहासात या विषयाला सर्वांत जवळचं प्रकरण म्हणजे कूत-अल-अमारा. सहाव्या (पूना) डिव्हिजनमध्ये १०३ वी, ११० वी आणि ११७ वी अशा तीन मराठा पलटणी होत्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये ही डिव्हिजन जनरल टाउनशेंडच्या हाताखाली बगदादच्या रोखानं निघाली. टेसिफोनला मोठी लढाई झाली आणि साडेचार हजारांच्या आसपास माणसं मेली किंवा जखमी झाली. उरलेले रात्रंदिवस चालत मागे फिरले आणि ३ डिसेंबरला कूतला पोचले. ७ डिसेंबर १९१५ ला वेढा पडला, तो २९ एप्रिल १९१६ ला शरणागतीनंच संपला. हा वेढा १४७ दिवसांचा म्हणून ओळखला जातो.

या वेढ्याच्या हकिगती बहुतेक ठिकाणी डावपेचांच्या अंगानं सांगितल्या जातात. मला मात्र शिपायाच्या शरीराचा वेढा महत्त्वाचा वाटतो. थंडीत चर खणायचे, जानेवारीत तैग्रीसला पूर आला की तेच चर सोडून मागे नवे खणायचे. दिवसा डोकं वर काढलं की नेमबाजाची गोळी आणि रात्री तोफा. त्यात शिधा महिन्या-महिन्याला कमी होत गेला.

इथे एक गोष्ट बारकाईनं बघण्यासारखी आहे. गोऱ्या शिपायांना पांढऱ्या पिठाचा पाव मिळायचा आणि घोड्याचं मांस ते खायचे. त्यांच्यात बेरीबेरी दिसू लागला. हिंदी शिपायांना जाडं, कोंड्याचं पीठ मिळायचं, त्यामुळे ते बेरीबेरीतून वाचले. पण भाजीपाला संपला होता आणि घोड्याचं मांस खायला बहुतेकांनी नकार दिला होता. त्यांच्यात स्कर्व्ही पसरला. हजारापेक्षा जास्त हिंदी रुग्णांची नोंद कूतच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी केली. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून परवानगीच्या तारा मागवल्या गेल्या, तरी शिपाई बधले नाहीत. गावात परत गेल्यावर जातभाई पंगतीला घेणार नाहीत, मुलीचं लग्न जमणार नाही, ही भीती उपासमारीपेक्षा मोठी होती. अखेर एप्रिलात, उशिरा, बऱ्याच जणांनी ते मांस खाल्लं.

स्कर्व्हीचं पहिलं लक्षण हिरड्यांत दिसत नाही. सुरुवातीला माणूस नुसता गळून जातो. हातपाय जड होतात, कशातच मन लागत नाही. नंतर हिरड्या सुजतात आणि पुढे भरलेल्या जखमांचे वणसुद्धा पुन्हा उकलतात. चरात बसलेला शिपाई बंदूक उचलायला उशीर लावतो, तेव्हा तो घाबरलाय, आजारी आहे की उपाशी आहे, हे त्याच्या हवालदारानं कसं ओळखायचं? त्या शरीरात तिन्ही गोष्टी एकत्र होत्या.

शरणागतीनंतर सुमारे तेरा हजार माणसं तुर्कांच्या ताब्यात गेली. शुमरानच्या छावणीत मिळालेली कडक बिस्किटं उपाशी पोटी खाऊन कित्येक जण पोटाच्या विकारानं तिथेच गेले. पुढे अंमलदारांना वेगळं केलं आणि शिपायांना उन्हातून पायी हाकललं. बगदाद, समारा, मोसुल, आणि बऱ्याच हिंदी शिपायांच्या नशिबी रास-अल-ऐनला रेल्वेच्या रुळांचं काम आलं. हजारो वाटेत किंवा छावणीत मेले. जे उरले ते १९१८ च्या शेवटी आणि १९१९ मध्ये घरी आले. म्हणजे १९१४-१५ मध्ये गेलेला माणूस चार-पाच वर्षांनी आला, तोही इन्फ्लुएंझाच्या साथीनं उजाड झालेल्या गावात. ज्यांच्यासाठी तो जगला, त्यातले कितीतरी लोक तोवर गेलेले होते.

साहेबाच्या डॉक्टरांनी दिलेली नावं

लढून आलेल्या माणसाचा न संपणारा थकवा कूतच्या आधीपासून डॉक्टरांना ठाऊक होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धात जेकब दा कोस्टा हे फिलाडेल्फियाच्या इस्पितळात काम करत. छातीत धडधड, छातीत दुखणं, दम लागणं, जरा श्रम झाले की गळून जाणं अशा तक्रारी असलेले तीनशेवर शिपाई त्यांनी तपासले. १८७१ मध्ये त्यांनी यावर लेख लिहिला आणि या अवस्थेला ‘चिडखोर हृदय’ अशा अर्थाचं नाव दिलं. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये नेटलीच्या लष्करी इस्पितळातले मॅक्लीन म्हणत होते, की दोष पाठीवरच्या ओझ्याचा आणि छाती आवळणाऱ्या पट्ट्यांचा आहे.

पहिल्या महायुद्धात हीच तक्रार हजारोंच्या संख्येनं आली. सर थॉमस लुईस यांनी तिला ‘एफर्ट सिंड्रोम’, म्हणजे श्रमाचा विकार म्हटलं. हृदय तपासलं तर त्यात खोट सापडत नाही, पण साध्या श्रमानं माणूस कोसळतो. यातल्या बऱ्याच जणांना आधी एखादा तापाचा आजार होऊन गेला होता, हेही त्यांनी नोंदवलं. उपचार म्हणून पायरीपायरीनं वाढत जाणारी कवायत देत आणि तिच्यावरून कोण पुन्हा लढाईला जाईल, कोण हलक्या कामाला जाईल, हे ठरवत.

दुसऱ्या बाजूला चार्ल्स मायर्स यांनी १९१५ मध्ये ‘शेल शॉक’ हा शब्द वैद्यकीय मासिकात आणला. सुरुवातीची समजूत अशी, की तोफेचा गोळा जवळ फुटल्यामुळे मेंदूला धक्का बसतो. पण ज्यांच्या जवळपास गोळा फुटलाच नव्हता तेही थरथरू लागले. पुढे मायर्स यांनाच तो शब्द नकोसा झाला. आणि या नावांतही हुद्दा होता. अंमलदाराला झालं तर ‘न्यूरास्थेनिया’, म्हणजे नसांचा थकवा; साध्या शिपायाला झालं तर ‘हिस्टेरिया’. एडिंबराजवळ क्रेगलॉकहार्टला अंमलदारांसाठी इस्पितळ होतं, तिथले कवी जगप्रसिद्ध झाले. रास-अल-ऐनच्या रुळांवर काम करून परतलेल्या मराठा शिपायासाठी असं इस्पितळही नव्हतं आणि त्याचा कवीही झाला नाही.

कविता म्हटल्यावर एक गोष्ट आठवते. फ्रान्समध्ये लढणाऱ्या हिंदी सैनिकांची पत्रं तपासायला सेन्सॉरचं एक खातं होतं. त्याचे प्रमुख हॉवेल यांनी १९१५ च्या सुरुवातीला नोंद केली, की शिपाई पत्रांतून कविता लिहू लागलेत आणि हे मला मनाच्या अस्वस्थतेचं काळजी करण्यासारखं लक्षण वाटतं. डॉक्टरांच्या कागदांत जे आलं नाही, ते असं पत्रं फोडणाऱ्या कारकुनी खात्याच्या नजरेला पडलं. इतिहास शोधणाऱ्यानं दवाखान्याच्या रजिस्टरापलीकडे बघायला पाहिजे, ते एवढ्यासाठी.

शरीरात होतं काय?

१९१५ मध्येच अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांचं भीती, राग आणि भूक यांवरचं पुस्तक आलं. धोका दिसला की शरीर लढायला किंवा पळायला सज्ज होतं. अ‍ॅड्रिनलिन वाढतं, ठोके वाढतात, रक्त पोटाकडून स्नायूंकडे वळतं. ही सोय थोड्या वेळापुरती आहे. वाघ गेला की शरीर पूर्ववत व्हावं. पण कूतमध्ये वाघ १४७ दिवस दारात बसून होता. हान्स सेली यांनी १९३६ मध्ये प्राण्यांवरच्या प्रयोगांवरून दाखवलं, की ताण कुठलाही असो, शरीर आधी दचकतं, मग तग धरतं, आणि तो फारच लांबला तर शेवटी थकून हार मानतं.

याच्यापुढची गोष्ट जरा उलटी आहे. ताण म्हटलं की कॉर्टिसोल वाढलेलं असणार असं कुणालाही वाटेल. पण १९८० च्या दशकात जॉन मेसन यांनी व्हिएतनामहून आलेल्या आणि आघातोत्तर ताणाचा विकार असलेल्या सैनिकांच्या लघवीत कॉर्टिसोल मोजलं, तर ते कमी निघालं. रेचेल येहुदा यांनी हे काम पुढे नेलं. त्यांच्या मांडणीनुसार अशा शरीरात कॉर्टिसोलला आवर घालणारी यंत्रणा गरजेपेक्षा जास्त तल्लख होते. गजर वाजवणारा भाग चालूच आणि गजर शांत करणारं रसायन तोकडं. सगळ्या सैनिकांत हे एकाच प्रमाणात दिसत नाही, पण खांबाला टेकून बसलेला माणूस ‘आळशी’ नव्हता, एवढं समजायला हे पुरेसं आहे. रात्री नीट झोप नाही, झोपेत ओरडणं, जरा भांडं पडलं की दचकणं. अशा शरीराचा दिवस सुरू होतो तोच थकव्यानं.

सगळा थकवा मात्र भीतीचा नव्हता. १९९१ च्या आखाती युद्धात गेलेल्या सुमारे सात लाख अमेरिकन सैनिकांपैकी फार मोठ्या हिश्शाला, चौथा हिस्सा किंवा त्याहून जास्त जणांना, पुढे थकवा, सांधेदुखी, विसराळूपणा, पोटाच्या तक्रारी अशा आजारानं गाठलं. आधी सगळं मनाचं म्हणून टोलवलं गेलं. २००८ मध्ये तिथल्या सरकारनं नेमलेल्या समितीनं विषारी वायूपासून बचाव म्हणून दिलेल्या पायरिडोस्टिग्मिनच्या गोळ्या आणि कीटकनाशकं यांच्याकडे बोट दाखवलं. खमिसियाला रासायनिक शस्त्रांचा साठा उडवला तेव्हाच्या वायूचाही प्रश्न आहेच. हे खमिसिया नासिरियाच्या जवळचं. ज्या नासिरियासाठी जुलै १९१५ मध्ये हिंदी फौजा दलदलीत लढल्या, त्याच मुलखात पाऊण शतकानंतर सैनिकांच्या थकव्याचा हा दुसरा अध्याय सुरू झाला. अमेरिकेत आखाती युद्धातून आलेल्याला दीर्घकालीन थकव्याचा विकार जडला, तर तो युद्धसेवेतूनच आला असं कायद्यानं धरलं जातं.

या थकव्याचीही एक ओळख आहे. सहा महिन्यांहून जास्त टिकतो, विश्रांतीनं जात नाही, आणि थोडे श्रम केले की दुसऱ्या दिवशी माणूस आणखी खचतो. म्हणूनच ब्रिटनच्या आरोग्य-मार्गदर्शक संस्थेनं २०२१ मध्ये या विकारासाठी वाढत्या व्यायामाचा उपचार देऊ नये असं सांगितलं. लुईस यांच्या कवायतीनंतर शंभर वर्षांनी.

२००२ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी बोअर युद्धापासून आखाती युद्धापर्यंतच्या १,८५६ सैनिकांची कागदपत्रं तपासली. त्यांना तीन प्रकारच्या तक्रारी सापडल्या: नुसती अशक्तता, हृदय-छातीच्या तक्रारी, आणि मनाशी जोडलेल्या तक्रारी. जुन्या युद्धांत पहिल्या दोन जास्त, नव्या युद्धांत तिसरी जास्त. एकच एक आजार प्रत्येक युद्धातून जसाच्या तसा येत नाही. त्या-त्या काळाला जी भाषा असते त्या भाषेत शरीर बोलतं.

आपली भाषा

मग १९१९ च्या मराठी गावाकडे कुठली भाषा होती? माझ्या मते भरपूर होती. ‘धसका घेतला.’ ‘हाय खाल्ली.’ ‘अंगात त्राण नाही.’ ‘जिवाला चैन नाही.’ ‘पलटणीतून आल्यापासून तो पहिल्यासारखा राहिला नाही.’ या भागातल्या घरांत जुन्या शिपायांबद्दल विचारलं, की हीच वाक्यं निघतात. त्यातला ‘धसका’ शब्द मला फार नेमका वाटतो. त्यात भीतीही आहे आणि छातीत बसलेला धक्काही आहे. दा कोस्टांचं हृदय आणि मायर्स यांचा शॉक या एका शब्दात मावतात.

त्याबरोबर ‘बाहेरचं लागलंय’ हेही होतं. परमुलखात मेलेल्या सोबत्यांची भुतं लागली म्हणून उतारा टाकायचे, अंगारा लावायचे, देवाला कौल लावायचे. आज आपण त्याला नावं ठेवतो. पण त्यात एक गोष्ट होती: दोष शिपायाच्या अंगच्या भित्रेपणाला दिला जात नव्हता, बाहेरच्या कशाला तरी दिला जात होता. घर त्याच्याभोवती जमत होतं. ‘हिस्टेरिया’ म्हणणाऱ्या साहेबापेक्षा ते काही कमी दयाळू नव्हतं. आता त्यानं औषधपाणी मात्र होत नव्हतं, आणि दारू हा सगळ्यात स्वस्त उतारा होता, हेही खरं.

इथे एक सावधगिरी हवी. शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाला आजचं निदान चिकटवू नये. मेसोपोटेमियातून आलेल्याच्या अंगात हिवताप असायचा, आमांश असायचा, उपासमारीनं खंगलेलं शरीर असायचं. १९८० मध्ये अमेरिकन मनोविकार-तज्ज्ञांच्या यादीत आलेलं आघातोत्तर ताणाचं नाव त्याला सरळ लावणं म्हणजे पाटीवर आपल्या अक्षरात नवी ओळ कोरणं. त्यानं आणि त्याच्या घरानं वापरलेले शब्द आहेत तसे उतरवावेत, बाकीचा अर्थ पुढचे लावतील.

कोऱ्या रकान्याची किंमत

हे सगळं फक्त आठवणींचं नाही. नोंद असणं आणि नसणं यावर आजही पेन्शन ठरते. धरमवीर सिंग हा सिग्नल कोअरमधला शिपाई. भरती होताना धडधाकट, नऊएक वर्षांच्या नोकरीनंतर झटक्यांच्या आजारामुळे त्याला घरी पाठवलं आणि आजाराचा नोकरीशी संबंध नाही म्हणून अपंगत्वाची पेन्शन नाकारली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०१३ मध्ये निकाल लागला, की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस निरोगी होता असंच धरावं, आणि आजार नोकरीमुळे नाही हे सिद्ध करण्याचं ओझं सरकारवर आहे, शिपायावर नाही. पुढे असंख्य जवानांना या निकालाचा आधार झाला. २०२३ मध्ये नियम पुन्हा बदलले आणि वाद पुन्हा सुरू झाले आहेत.

म्हणजे एका कोऱ्या रकान्याचा अर्थ कुणाच्या बाजूनं लावायचा, हा प्रश्न अजून जिवंत आहे. कूतहून आलेल्यांच्या वेळी तो कोरा रकाना सरळ त्यांच्या विरुद्ध वाचला गेला.

आपण काय करू शकतो

मंडळाच्या आणि या संकेतस्थळाच्या वाचकांना माझी विनंती आहे. घरात जुनी ट्रंक असेल तर उघडा. पदकाच्या कडेवर नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते, ती उतरवून घ्या. डिस्चार्ज बुक किंवा पेन्शनीचे कागद असतील तर घरी पाठवण्याचं कारण काय लिहिलंय, वैद्यकीय श्रेणी कोणती होती, ते वाचा आणि फोटो काढून ठेवा. वाळवी आपल्या सवडीची वाट बघत नाही.

आणि घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा, विशेषतः आजींना. ‘आजोबांनी किती शत्रू मारले’ हे विचारू नका. आजोबांना झोप लागायची का, ते कुणाशी बोलायचे, शेतात किती वेळ काम व्हायचं, दिवाळीत फटाके वाजले की ते कुठं जाऊन बसायचे, हे विचारा. लढाईची गोष्ट पुरुष सांगतात; लढाईनंतरची चाळीस वर्षं बायकांनी सांभाळलेली असतात आणि ती त्यांनाच ठाऊक असतात. १९६५, १९७१ आणि श्रीलंकेतून आलेले जवान तर अजून आपल्यात आहेत. त्यांनी स्वतः सांगितलं, तर त्यांच्या संमतीनं आणि त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावं. कुणाला बोलायचं नसेल तर चहा घेऊन उठावं. आणि बोलताना कुणाचा त्रास आजही चालू आहे असं दिसलं, तर वही मिटवून त्याला आधी ईसीएचएसच्या दवाखान्यात न्यावं. नोंद नंतरही होईल.